सशाचं कातडं

तिनं आधी हाक मारली, की आधी धावली? — नाही काकू, तुम्हाला नाही विचारत, तुम्ही कुठं होतात तिथं — पोलिसांना विचारलं, पुलावरून सायकलनं जाणाऱ्या त्या माणसाला विचारलं, तो म्हणे वारा होता, ऐकू आलं नाही. बसा ना. आई बाहेर येणार नाही. हा कुत्रा, ब्राम, जाईपर्यंत त्याचं तोंड बघायचं नाही, असं ठरवलंय तिनं. कुत्रा देऊन टाकायचाय अशी जाहिरात तिनंच दिली — ‘ऐकत नाही’ असं लिहून. आता बघा, तुमच्या हातात साखरेचा पाव आहे, त्याची लाळ गळतेय, आणि तो बसलाय. हा ऐकत नाही?

हिस्कानं शिकवलं हे. माझी मोठी बहीण — तीच. दार उघडलं की हा सुटायचा, तर ती मारायची नाही, ओरडायची नाही. फाटक उघडायची, हा उठला की बंद, बसून राहिला की परत उघडायची, आणि वर चीजचा तुकडा. वीस-वीस वेळा, थंडीत! मी म्हणायचो, अगं कुत्रा पाळलायस की पाद्री? ती म्हणायची, येल्या, हा शिकेल, तुझं काय करू ते सांग. मी शाळा सोडली ना, त्यावरून.

आणि ती काठी — दोरी बांधलेली, दोरीच्या टोकाला सशाचं कातडं. कातडं पळवायचं, हा मागे धावणार, मग मध्येच थांबवायचं. हा थांबून बसला, की मगच ‘घे’. सगळा खेळ त्या थांबण्याचा. ती सकाळी दुधाच्या कारखान्यात कामाला जायची, मी गाईंचं उरकून मोकळा — मग मी घ्यायचो काठी. पण थांबवलं की मजाच जाते हो! मी आपला अंगणभर पळायचो, हा मागे, मी ओरडतोय पकड, पकड — आणि पकडलं की शाबास. रोज. सहा आठवडे. मला वाटलं खेळच तर आहे.

डिसेंबरात ती जेवताना म्हणाली, फाटकाशी शहाण्यासारखा बसतो रे, पण काही पळताना दिसलं की सगळं विसरतो, आधी नव्हतं असं, माझं कुठं चुकतंय? मी वाटाण्याचं सूप खात होतो. म्हटलं, तू लाडावतेस त्याला. — असं म्हटलं मी. सूप खात.

कालव्यावर दोन दिवसांचं बर्फ. दोन दिवसांच्या बर्फावर आमच्याकडे लहान पोरसुद्धा पाय ठेवत नाही, आणि हिस्काला काय माहीत नव्हतं? पाणकोंबड्या पळाल्या, हा पळाला, ती मागे, आणि बर्फ फुटलं. हा हलका, निघाला वर, भिजून काठावर उभा. ती नाही निघाली. आता हाक मारली असेल आणि हा थांबला नसेल, तर ते माझं. न मारताच धावली असेल — तर तेही माझंच, काकू, कारण मग तिला कळलं होतं की हाक मारून उपयोग नाही.

आई येईल-जाईल त्याला सांगते, पोरीला कुत्र्याला वळण लावता आलं नाही, त्यातच गेली. चर्चमध्येसुद्धा तेच. आणि मी शेजारी उभा, टोपी हातात, गप्प. आठ आठवडे गप्प. तुम्ही पहिल्या — का सांगितलं कुणास ठाऊक, तुम्ही त्याचे कान कुरवाळलेत म्हणून असेल —

नाही, थांबा. तो पट्टा द्या इकडे. लेवार्डनहून आलात, एवढं लांब, कळतंय मला, माफ करा, पण द्या. याला नेलंत तर आईचं तेच खरं होऊन बसेल — याच्याबद्दल, आणि हिस्काबद्दलही. निघा तुम्ही, काकू. खरंच निघा.

आई! दार उघड. हो, ब्रामही आहे, असू दे. तोंड नको फिरवूस, बघ माझ्याकडे. हिस्काचं काही चुकलं नव्हतं, आई. मी —