सीलबंद की नष्ट

क्रॅबट्री: एक शब्द, बाई! पन्नास पानांच्या विधेयकात एक शब्द. तेवढ्यासाठी सकाळी आठला मला इथे बोलावून घेतलंत.

ऑर्लीन: मी लिहिलंय, ‘शिक्षा भोगून झालेल्यांची जुनी नोंद सीलबंद करावी.’ तुम्ही ते खोडून लिहिलंय, ‘फाईल नष्ट करावी.’ आमदार होण्याआधी वीस वर्षं आठवीला भाषा शिकवली मी, वेंडेल. हे समानार्थी शब्द नाहीत.

क्रॅबट्री: माणसाला मोकळं करायचं तर पुरतं करा की. फाईल राहिली म्हणजे कुणीतरी कुलूप उघडणारच. सोळा वर्षं शेरीफ होतो, काउंटीचे पोलीस माझ्या हाताखाली; कुलपांचं मला नका सांगू.

ऑर्लीन: चार वर्षं हे विधेयक तुम्ही समितीच्या बाहेर पडू दिलं नाहीत. ‘गुन्हेगारांचे लाड’ म्हणालात, तेही माझ्या तोंडावर. आणि आता एकदम त्यांची एवढी कणव?

क्रॅबट्री: माणूस बदलतो.

ऑर्लीन: बदलला तर आधी घरात कळतं. परवा तुमची बायको भेटली होती. म्हणाली, वेंडेल आहे तस्साच आहे.

क्रॅबट्री: ती लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तेच म्हणतेय. मुद्द्यावर या. दहाला सुनावणी. तुमच्या बाजूने नऊ मतं, विरोधात नऊ, त्यातलं एक माझं. माझा शब्द घ्या, माझं मत घ्या. चाळीस हजार माणसं सुटतील राज्यातली. इतकं सोपं आहे.

ऑर्लीन: सोपं आहे म्हणूनच मला पटत नाहीये.

क्रॅबट्री: बरं, मग मीही एक विचारतो. गुरुवारी आमच्या काउंटीच्या कोर्टात काय काम होतं तुमचं? तळघरात तीन तास बसून होतात म्हणे.

ऑर्लीन: बघा! तळघरातली खबर तुम्हाला बरोबर पोचते.

क्रॅबट्री: तिथली कारकून माझ्या चुलतबहिणीची सून आहे. आमच्या काउंटीत सगळे एकमेकांचे कुणीतरी लागतात. काय शोधत होतात?

ऑर्लीन: आजच्या साक्षीदाराची फाईल. लूशस गेदर. माझा जुना विद्यार्थी.

क्रॅबट्री: कोण?

ऑर्लीन: नका हो असं करू. सत्त्याण्णव साल. औषधाचं दुकान फोडलं, मालकाच्या बायकोला ढकलून पाडलं. तुम्ही लूशसला धरलंत. एकोणीस वर्षांचा होता. चार वर्षं आत काढली त्याने.

क्रॅबट्री: त्या बाईने ओळखलं होतं त्याला.

ऑर्लीन: आठ दिवसांनी! पहिल्या दिवशीचा तिचा जबाबही आहे फाईलमध्ये. तुमच्या अक्षरात. ‘गोरा मुलगा, तांबूस केस.’ लूशस तुम्हाला कुठून गोरा दिसला?

क्रॅबट्री: तो कागद मी फाईलला लावलाच नव्हता. तो तर माझ्या खणात...

ऑर्लीन: बोला. थांबलात का?

क्रॅबट्री: शेरीफचं ऑफिस हलवलं, तेव्हा कुणीतरी खणातल्या कागदांसकट सगळी खोकी कोर्टात नेऊन टाकली, तिथे ज्याचे कागद त्याच्या फाईलला लागले. मला गेल्या वर्षी कळलं. मी बघायला गेलो असतो तर रजिस्टरवर सही करावी लागली असती.

ऑर्लीन: म्हणून थेट कायदाच करायचा? तुमच्या एका कागदासाठी राज्यभरच्या फाइली जाळायच्या?

क्रॅबट्री: शेरीफपदाची निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती, बाई. पेट्रोल भरायला थांबलो तरी लोक विचारायचे, कुणी सापडला का? तिच्यापुढे मी पाच फोटो ठेवले. पाचही...

ऑर्लीन: पाचही काळ्या मुलांचे.

क्रॅबट्री: हो.

लूशस: बाई, दार उघडंच होतं. खालचा शिपाई म्हणाला, वर जा. मी बाहेर थांबू का?

ऑर्लीन: नको, लूशस. आत ये. टाय छान दिसतोय.

लूशस: सासऱ्यांचा आहे. नमस्कार, शेरीफसाहेब.

क्रॅबट्री: मी आता शेरीफ नाही रे.

लूशस: मला तुम्ही तेवढेच माहीत आहात. बाई, तुम्ही तर म्हणाला होतात, हे आपल्या विरोधात आहेत. मग दोघं एका खोलीत कसे? काय ठरतंय माझ्या पाठीमागे?

ऑर्लीन: यांना विधेयकात ‘सीलबंद’ऐवजी ‘नष्ट’ हवंय, ते एका कागदापायी. ही त्याची प्रत, वाच. सावकाश वाच.

लूशस: ही मिसेस हॅडलीची सही, त्या दुकानमालकाच्या बायकोची. तारीख... ही तर चोरीच्याच दिवसाची आहे.

ऑर्लीन: हो.

लूशस: तांबूस केस. कोर्टात मी उठून म्हणालो होतो, मॅडम, एकदा नीट बघा माझ्याकडे. न्यायाधीशांनी खाली बसवलं मला. आईने हात धरला होता माझा. तिलाही शेवटपर्यंत वाटायचं, असेल, केलं असेल पोराने.

क्रॅबट्री: लूशस, माझं ऐक. शाळेच्या बसवर तुला तीनदा नाकारलं, मला ठाऊक आहे. आज हे पास झालं तर उन्हाळा संपायच्या आत तू बस चालवत असशील. मागचं उकरून काय मिळणार...

लूशस: साहेब, जरा थांबा. बाई, हा कागद तुमच्याकडे कधीपासून आहे?

ऑर्लीन: गुरुवारपासून.

लूशस: आज मंगळवार. काल आपण फोनवर अर्धा तास बोललो. कुठे उभं राहायचं, कुणाकडे बघायचं. ‘माझ्या हातून चूक झाली, मी शिक्षा भोगली’ हे तुम्ही माझ्याकडून चारदा म्हणवून घेतलंत. तेव्हा हा तुमच्या पर्समध्ये होता?

ऑर्लीन: होता.

लूशस: म्हणजे जे मी केलंच नाही ते माझ्या तोंडून कबूल करवणार होतात. सगळ्यांसमोर.

ऑर्लीन: साक्ष झाल्यावर लगेच सांगणार होते, शपथ! निर्दोष माणूस पुढे आला की समिती म्हणते, याचं प्रकरण वेगळं, याने कोर्टात जावं. हा कायदा चुकलेल्यांसाठी आहे. मला चूक मान्य करणारा माणूस हवा होता. चाळीस हजारांचा प्रश्न होता, लूशस.

लूशस: यांनीही तोच आकडा सांगितला असेल तुम्हाला.

क्रॅबट्री: सांगितला.

लूशस: समितीपुढे मला किती वेळ मिळतो?

ऑर्लीन: तीन मिनिटं.

लूशस: पुरे झाली. हा कागद एका मिनिटात वाचून होतो.

क्रॅबट्री: मग माझं मत विरोधात पडणार. आणि का पडलं, ते त्या चाळीस हजारांना तूच सांग.

लूशस: सांगेन. पण मी फाईल जाळू देणार नाही. बाई, तुमचा शब्द तुमच्या विधेयकात राहणार आहे का, तेवढं आत्ता सांगा. यांच्यासमोर.

ऑर्लीन: राहणार आहे.

(त्याच दुपारी, विधानभवनामागच्या पार्किंगमध्ये.)

ऑर्लीन: लूशस! किती शोधलं तुला. निकाल ऐकायला तरी थांबायचंस. नऊ विरुद्ध आठ. समितीतून पास झालं.

लूशस: आठ? नऊ होते ना तिकडे?

ऑर्लीन: तुझं वाचून झाल्यावर अध्यक्षांनी विचारलं, हे अक्षर कुणाचं? क्रॅबट्री उठले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी टोपी उचलली आणि बाहेर गेले. मतदानाला परत आलेच नाहीत.

लूशस: मी दारातच होतो. माझ्या अगदी जवळून गेले.

ऑर्लीन: आता तुझा खटला पुन्हा उघडायचा. माझ्या ओळखीचा एक वकील आहे...

लूशस: वकील मी बघतो. मूळ कागद अजून त्या तळघरातच आहे ना? आणि किल्ली त्यांच्या नात्यातल्या बाईकडे?

ऑर्लीन: हो. पण प्रतीवर मी कोर्टाचा शिक्का मारून घेतलाय.

लूशस: तरी मला तो आज डोळ्यांनी बघायचाय. रजिस्टरवर माझं नाव घालून. कोर्ट साडेचारला बंद होतं.

ऑर्लीन: चल, मी सोडते. दोन तासांचा तर रस्ता आहे.

लूशस: मेहुणा येतोय गाडी घेऊन.

ऑर्लीन: रागावलायस.

लूशस: काय झालंय ते मला अजून नीट कळत नाहीये, बाई.

ऑर्लीन: रविवारी चर्चला येशील ना?

लूशस: येऊ की. माझ्या पोरी बसतील तुमच्या शेजारी, नेहमीसारख्या. मी मागे बसेन.