थोरल्याने वाटे पाडायचे

...आणि वर मलाच विचारतात, ‘आबा, एवढे व्हिडिओ हवेत कशाला?’ कशाला म्हणजे? माझ्या बैलांच्या शर्यती आहेत त्या! रेवदंड्याच्या वाळूतल्या! मधली बंदीची वर्षं सोडली तर एक शर्यत चुकवली नाही मी. माझा लाख्या गेला गेल्या वर्षी, त्याची धाव आता तेवढ्यातच उरलीय. जीव तुटतो हो! तुम्हाला सांगतो, एकही पुसणार नाही!

झालं काय, घरात कॉम्प्युटर एक, त्यात डिस्क एक, हजार जीबीची. मुलगा विपुल घरांचे नकाशे काढतो, त्याला पाहिजे विंडोज. सून मृणाल प्रोग्राम लिहिते, तिला पाहिजे लिनक्स. का गं बाई, एका चुलीवर दोघांचं शिजत नाही का? तर म्हणते, ‘आबा, दोन्ही एकाच डिस्कवर नांदतील, फक्त पार्टिशन करायचं.’ पार्टिशन! अहो, आमच्या चौलच्या वाडीचं पार्टिशन बघितलंय मी, एका फणसावरून दोन भाऊ वीस वर्षं बोलत नव्हते! आणि हे दोघं पडद्यावर रंगीत पट्ट्या ओढून म्हणतात, याला एवढं, तिला तेवढं... आणि माझ्या व्हिडिओंचं? ‘बघू.’ बघू? वर म्हणे दुसरी डिस्क घ्या! स्वतःची जागा सोडून मी बाहेर बिऱ्हाड का करू? एकही पुसणार नाही!

आमची बायको मैना चुलीपासून ओरडली, ‘अवो, त्या डब्यासाठी भांडता कशाला? जे हाय ते वाटून द्या नि जेवाया या!’

वाटून? चला, वाटून! मी म्हटलं, पण वाटणी आपल्या रीतीने होईल. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचं. कबूल? दोघं म्हणाली, कबूल. बसलो माउस घेऊन आणि पाडले की तीन वाटे... शंभर, दोनशे आणि सातशे! सातशे कुणाचे हे काय सांगायला हवं? मी मिशीला पीळ देतोय, तेवढ्यात मृणाल अगदी गोड आवाजात, ‘आबा, घरात धाकटी मीच ना?’

आणि ठेवलं बोट सातशेवर! विपुलने लगेच दोनशे उचलले. मला उरले शंभर... आणि व्हिडिओ साडेसहाशे जीबीचे! आता रीत मोडणार कशी, माझ्याच तोंडची ना ती! मैना तर पदर तोंडाला लावून हसतेय. तरी मी हटलो नाही. म्हटलं, शंभर तर शंभर, कोंबीन, चेपून बसवीन, पण एकही पुसणार नाही!

तर विपुल म्हणतो कसा, ‘आबा, फक्त जिंकलेल्या शर्यती ठेवा ना, आरामात मावतील.’

मावतील? अहो, मावतील काय... तुम्हाला म्हणून सांगतो, इतक्या वर्षांत जिंकलो एकदाच, आणि तेव्हा मोबाइल वाळूत फेकून मी नाचत होतो!