आपोआप निघणारे बारा ग्राफ

नाही, तुम्हीच सांगा, जे काम आपोआप होतं त्याला माणूस कशाला लागतो? साहेबांना विचारलं तर म्हणे, "आपोआप होतंय ना, ते बघायला!" आपोआप, हं!

तुम्हाला सांगतो, मी मागितलं काय होतं? आठ दिवसांची रजा. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि तिचं एकच पालुपद, "पट्टी काढली की पहिलं तुझं तोंड बघायचंय मला." साहेब म्हणाले, "जा की! फक्त सोमवारचा तो बारा ग्राफचा रिपोर्ट आपोआप निघेल असं करून जा." एवढंच ना? अहो, कॉम्प्युटरवरच्या कोडच्या नोटबुकमध्ये सगळं तयार होतं... वर कोड, खाली ग्राफ, चालवलं की निमूट हजर! तोच कोड उचलला, ठरल्या वेळी स्वतःच चालणाऱ्या स्क्रिप्टच्या फाइलमध्ये टाकला, म्हटलं, आता पळ बाबा एकटा. तर पहिल्या ग्राफने स्वतःची वेगळी विंडो उघडली आणि जो ठाण मांडून बसला, ती कोणी बंद करेपर्यंत दुसरा यायचं नाव नाही! बारा ग्राफ, बारा विंडो, आणि फुलीवर क्लिक करायला मी. आपोआप, हं!

शेजारच्या टेबलावरचे सर्वज्ञ आले, न विचारता खुर्ची ओढली. "हात्तिच्या! आधी दाखवायचं, मग सेव्ह करायचं!" केलं. बाराच्या बारा चित्रं कोरी! दाखवून झालेली विंडो बंद केली की ग्राफही जातो, मग सेव्ह काय होणार, कपाळ? म्हटलं, "सर, हे पांढरंफेक आहे." तर स्क्रीनला नाक लावून म्हणतात, "हं... पण नीटनेटकं आलंय."

शेवटी मीच ते दाखवणं काढून टाकलं, थेट सेव्ह केलं, मापं ठरवून दिली. माझ्या मशीनवर चालवा, सर्व्हरवर चालवा, तेच बारा ग्राफ, तेच रंग, तोच आकार! नाचतच साहेबांकडे गेलो. साहेबांनी चष्मा वर केला.

"विंडो कुठे गेल्या?"

"नाही लागत आता, साहेब."

"म्हणजे कोणाच्या नजरेखालून न जाता रिपोर्ट वर जाणार? आधी प्रत्येक विंडो बंद करताना तुम्ही बघत तरी होता!"

ग्राफ बघत होतो? अहो, फुली बघत होतो मी!

"छे छे, त्या विंडो परत आणा. आणि सोमवारी तुम्ही बसा. रजेचं पुढे बघू."

बसलो. चौथी विंडो बंद करतोय तोच मावशीचा फोन... पट्टी काढली, आईला लख्ख दिसतंय म्हणे! घड्याळाचे काटे दिसतात, मावशीचे पिकलेले केस दिसतात, सगळं सगळं दिसतं. मग आईनेच फोन घेतला. "तू कुठे दिसत नाहीस रे?"

म्हटलं, येतो गं... आठच राहिल्यात. आपोआप!