ऑर्गन थांबला तेव्हा

चर्चच्या सभागृहात रक्तदाब तपासायची रांग लागली होती. म्हाताऱ्या आईला खुर्चीवर बसवून एक सुतार तिच्यासाठी रांगेत उभा होता. पुढच्या दोघींचं बोलणं त्याच्या कानावर पडत होतं.

“तुमचे यजमान ऑर्गन वाजवायचे ना?”

“अजूनही वाजवतात. तीन महिन्यांपूर्वी भर उपासनेत वाजवता वाजवता कोसळले.”

“कुणी डॉक्टर नव्हते?”

“कुणी नाही. झाडलोट करणाऱ्या मावशी धावल्या. यांना उताणं निजवलं, श्वास पाहिला आणि छाती दाबायला लागल्या. दाबता दाबताच एकाला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितली, दुसऱ्याला भिंतीवरचं शॉकचं यंत्र आणायला पिटाळलं.”

“त्यांना हे कसं येत होतं?”

“इथेच शिकल्या. बाहुलीवर शिकवणार म्हटल्यावर आम्ही सगळ्या हसलो होतो. या वयात कसल्या बाहुल्या, असं मीच म्हणाले होते. मावशी तेवढ्या बसल्या.”

“आणि यजमान?”

“छाती दाबताना दोन बरगड्या मोडल्या. हे म्हणतात, बरगड्यांचं काय, त्या जुळतात.”

“धन्य आहे त्या बाईंची. आता कुठे असतात?”

“त्या काय, कोपऱ्यात. आज त्याच शिकवताहेत.”

सुताराने रांगेच्या नंबराची चिठ्ठी आईच्या हातात दिली आणि कोपऱ्यात जाऊन बाहुलीशेजारी गुडघे टेकले.

“आणखी जोरात,” मावशी म्हणाल्या. “दुखतंय म्हणून माणूस ओरडला, तर देवाचे आभार मानायचे.”