कोपऱ्यातला वूफर

सिंधु : आता ऐक. तीच बातम्यावाली. शब्द सुटे येतात की नाही?

भागवत : येतात. काय केलंस, अक्का?

सिंधु : विशेष काही नाही. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद केले. त्यांचं तोंड मागं असतं, आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडं येतो. आणि तुझे हे दोन छोटे डबे सोफ्याच्या मागं पडले होते, ते पुढं घेतले, बसलेल्या माणसाच्या कानाइतके उंच. अण्णा मला फोनवर म्हणायचे, बाई काय बोलती कळतच न्हाई, नुसतं घूं घूं येतं. त्यांचे कान चांगले आहेत. तुझी मांडणी वाईट आहे.

भागवत : ध्वनीचा धडा क्लासमध्ये मीच शिकवतो.

सिंधु : शिकवत असशील. ऐकतोस कुठं. वूफर कुठं ठेवलास, तो जाड आवाजाचा मोठा डबा?

भागवत : आहे की.

सिंधु : कुठं आहे? वायर तर भिंतीच्या कडेनं थेट अण्णांच्या खोलीत गेलीय. दाराखालून.

भागवत : हॉलमध्ये जागा नव्हती.

सिंधु : या हॉलमध्ये पोरं क्रिकेट खेळतील. थांब, बघू दे.

भागवत : राहू दे ना अक्का. चहा टाकू का?

सिंधु : भागवत, हा कपाटाच्या मागं आहे. पार कोपऱ्यात.

भागवत : मग?

सिंधु : मग म्हणजे? दोन भिंती आणि फरशी, तिघी मिळून त्याचा जोर वाढवतात. धड ऐकायचं असेल तर वूफर असा कोंबत नाहीत. आणि बाजेचा पाय त्याला टेकवून ठेवलाय. वर ही गोधडी कशाला?

भागवत : धूळ बसते.

सिंधु : आणि इकडं टीव्हीजवळ मेन डब्याला हा पेनड्राइव्ह. एकच फाइल आहे यात. लावते.

भागवत : नको लावू.

सिंधु : लावली. ऐकू तर काहीच येत नाही. पुढचे डबे गप्प आहेत. अरे, पण आत तांब्यातलं पाणी बघ. बाज थरथरतेय. हा तर एकच सूर आहे, नुसता. पस्तीस हर्ट्झ असेल.

भागवत : अडतीस. त्याच्या खाली या डब्याला जमत नाही.

सिंधु : काय बोललास?

भागवत : अडतीस हर्ट्झ. करून बघितलं सगळं. वर गेलं की गुणगुणल्यासारखं ऐकू येतं, मग कळतं मशीनचं आहे. इथं कानाला कमी लागतं, अंगाला जास्त.

सिंधु : अण्णांना जमीन हलल्यासारखी वाटते, ती ही होय.

भागवत : हो.

सिंधु : मी हसले रे त्यांना. म्हटलं, लातूर काय रोज हलतंय का. कधी लावतोस?

भागवत : मी नाही लावत. मी दुपारी क्लासवर असतो. ते जेवून आडवे झाले की विनीता लावते. थोडा वेळ. आज माहेरी गेलीय म्हणून बंद आहे.

सिंधु : किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्या माणसाला, भागवत. आपल्या बापाला.

भागवत : दुसऱ्या कोणाला लावून उपयोग नसता झाला.

सिंधु : खोली पाहिजे होती तर सरळ सांगायचं होतं.

भागवत : सांगितलं. वरचे दोन्ही मजले क्लासच्या पोरांनी भरलेत. भोकरचे, अर्धापूरचे पालक येतात, सर, पोराला नीट परीक्षेची तयारी करायची आहे, एक कॉट बसेल एवढी जागा द्या. ही खोली खालची, स्वतंत्र दार, बाथरूम जोडून. अण्णांना म्हटलं, किल्लारीला आपलं पुनर्वसनाचं घर कुलूप लावून पडलंय, चुलतभाऊ कडबा भरून ठेवतोय त्यात. तुम्ही तिकडं राहा. तर म्हणाले, पोराचं घर सोडून मी कुठं जाऊ. बाजेवरून उठले नाहीत.

सिंधु : आणि आता?

भागवत : आता स्वतः किल्ली मागतात. भूकंप झेपणारं घर आहे, हलकं छत, डोक्यावर मजले नाहीत. रोज विचारतात, भिंतींना तडा गेला नाही ना रे तिकडं? निघालेतच समज. फक्त एक अडलंय.

सिंधु : काय?

भागवत : मी सुरुवातीलाच म्हणून बसलो, मला काही जाणवत नाही. वाटलं, भीती तेवढीच पुरेल. आता ते म्हणतात, मला एकट्यालाच जाणवतंय म्हणजे माझं डोकं फिरलंय, मग किल्लारीला जाऊन काय फरक पडणार. दुसऱ्या कोणी हो म्हटलं की जातील. म्हणून तुला बोलावलं.

सिंधु : टीव्ही नीट करायला बोलावलंस.

भागवत : तो पण झाला.

सिंधु : मी सांगणार त्यांना. वायर हातात देऊन सांगणार.

भागवत : सांग. आणि त्यांची पिशवी भर. संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला घेऊन जा.

सिंधु : माझ्या शिवांगीचं बारावीचं वर्ष आहे.

भागवत : हो ना.

सिंधु : सासूबाई अंथरुणाला आहेत.

भागवत : हो ना. मागच्या दिवाळीला नेलंस त्यांना. भाऊबीज व्हायच्या आत बसमध्ये बसवून दिलंस, एकट्याला. काय तर म्हणे, टीव्ही मोठ्यानं लावतात.

सिंधु : मोठ्यानंच लावायचे.

भागवत : का लावायचे ते आज कळलं ना तुला? शब्द ऐकू येत नव्हते. तुझ्या घरी तेव्हाच दोन डबे पुढं घ्यायचे होतेस. फिजिक्स घेऊन बीएस्सी केलंस.

सिंधु : गप्प बस.

भागवत : तुला ते नको आहेत, मला पण नको आहेत. फरक एवढाच आहे की माझ्याकडं वूफर आहे.

सिंधु : ते बंद कर आधी. अजून चालूच आहे.

भागवत : केलं. फाटक वाजलं बघ, अण्णा आले. अक्का, तुला भाषण करायचं नाही. विचारतील, तू हो म्हण. तेवढंच. तिकडं मोकळी हवा आहे, गावचे लोक आहेत. वाईट काय होणार आहे त्यांचं?

अण्णा : सिंधु, बसलीस का गं? चहा दिला का ह्यानं?

सिंधु : झाला, अण्णा. टीव्ही बघा आता.

अण्णा : आरं, लई साफ बोलाय लागली की ही बाई. आजवर तोंडात घास धरून बोलत हुती. ही भजी घे. वरच्या पोरांचीबी हायत त्यात, समदी खाऊ नका. त्यो भोकरचा पोरगा मेसमदी काही खातच न्हाई.

सिंधु : ठेवा तिथं. दमलात ना? बसा.

अण्णा : बसतो. तुला एक इचारायचं हाय. तू शिकलेली हायस, खोटं सांगू नकूस. आत्ता मी फाटकाकडं येत हुतो तवा खिडकीची काच वाजाय लागली हुती. तुम्ही दोघं आत हुता. जमीन हालली का?

भागवत : अण्णा, मला तर काही...

अण्णा : तुला न्हाई इचारलं. तू कवाबी न्हाईच म्हणतूस. हिला इचारलं.

(सिंधु टीव्हीचा आवाज बंद करते.)

अण्णा : बोल की.

सिंधु : हो, अण्णा. हलली.

अण्णा : हालली ना?

सिंधु : थोडीशी. मला जाणवली.

अण्णा : म्हंजे माझं डोकं न्हाई फिरलं.

सिंधु : नाही.

अण्णा : लई दिवस झाले बघ. दवाखान्यात जायाची लाज वाटायची. काय सांगू डाक्टरला, घर हालतंय म्हणून?

भागवत : मग अण्णा, मी म्हणत होतो तेच करू. किल्ली माझ्याकडं आहे. कडबा काढायला सांगतो. उद्या जीपनं सोडतो तुम्हाला.

अण्णा : तू जरा उगी ऱ्हा. सिंधु, हालली म्हणतीस अन् तू आत कशी काय बसलीस? ऊठ. बाहेर चल.

सिंधु : आता थांबलंय, अण्णा.

अण्णा : ते थांबतंय अन् परत येतंय. भागवत, वरच्या पोरांना खाली बोलव. पुस्तकं राहू द्या म्हण.

भागवत : त्यांची उद्या टेस्ट आहे, अण्णा.

अण्णा : आसंल.

सिंधु : अण्णा, तुम्ही किल्लारीला जा. तिथं तुम्हाला धोका नाही. आम्ही बघतो इथलं.

अण्णा : अन् तुम्ही? ह्या दोन मजल्यांखाली?

भागवत : आम्ही येतो ना मागून.

अण्णा : मागून कोण येतंय?

सिंधु : अण्णा...

अण्णा : गणपती बोळवून आल्तो त्या भूकंपाच्या राती. उकडत हुतं म्हणून मी बाज अंगणात टाकली. तुम्ही दोघं इथं मामाकडं शाळेला. तुझी आई म्हणली, धाकट्याला सर्दी हाय, आम्ही आतच निजतो. मी म्हणलं, बरं. एवढंच बोललो मी. परत हाक मारली न्हाई.

सिंधु : ते तुम्हाला कळणार होतं का?

अण्णा : तवा न्हाई कळलं. आता कळाय लागलंय, अन् मी किल्लारीला जाऊन निजू? ती किल्ली ठेव, भागवत, तुझ्यापाशीच. माझी बाज तेवढी त्या खोलीतून काढून जिन्याच्या तोंडाला टाक. हालली की पयली हाक मीच मारीन, समद्यांना.

भागवत : अण्णा, तिथं कसं झोपणार तुम्ही? पोरं रात्रभर वरखाली करतात.

अण्णा : झोपायचं कुणाला हाय आता. बरं झालं पोरी, तू खरं सांगितलंस.