चौथ्या हंगामातील शिकाऊ

मी, गिरिधर गजानन सावरगावकर, वय ५४ वर्षे, शिक्षण बी.कॉम., व्यवसाय नोकरी (लेखापाल), रा. जालना, समक्ष हजर राहून सांगतो की, आमच्या मालकांनी दिलेल्या हजेरीपट चोरीच्या तक्रारीत मला साक्षीदार दाखविले आहे. चोरी झालेली नाही, हे नोंदविण्यासाठी मी आलो आहे.

काकासाहेब ढवळे यांच्या बियाणे कारखान्यात मी पंधरा वर्षांपासून आहे. हजेरीपट माझ्या ताब्यात असतात. तेथे दर हंगामात सर्व मुलींची नावे 'नवीन, शिकाऊ' म्हणून लिहावयाची व शासनाच्या किमान दराच्या निम्मी मजुरी द्यावयाची, अशी पद्धत आहे. विमल कडूबा गायके, वय २१, हिचा हा चौथा हंगाम. फुटके बी निवडण्याचे काम चौदा मुलींना तीच शिकविते. शिकविणारी शिकाऊ कशी, असे मी मालकांस दोनदा लेखी व एकदा तोंडी विचारले. लेखीस उत्तर नाही. तोंडी उत्तर असे : "गिरिधरराव, पोरी लग्न होऊन जातात. पक्कं कोणाला करता?"

काल, दि. ११ मार्च रोजी सकाळी १०.४० वाजता विमल माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाली, "भाऊसाहेब, मी पुऱ्या मजुरीचा अर्ज केला, तं कामगार ऑफिसातले साहेब म्हणतेत, चार वर्सांचा पुरावा आण. मी रोज सही करून राह्यले, मंग ती सही हाय कुठं?"

मी चारही हंगामांचे हजेरीपट काढून दिले. तिच्याकडून पोच घेतली व कामगार कार्यालयाकडूनही पोच आणण्यास सांगितले. त्यावर ती म्हणाली, "मला पगारापेक्षा कागदच जास्ती मिळून राह्यले." मी हसलो नाही. १.१० वाजता तिने कार्यालयाची पोच आणून दिली.

सायंकाळी ४ वाजता मालकांनी बोलावून सांगितले, "हजेरीची पुस्तकं कपाटातून गायब झाली, एवढंच बोला. पोरगी घाबरंल, अर्ज माघारी घेईल. विषय बिलकुल खतम." कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते, हे मी निदर्शनास आणले. ते म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला सांगून राह्यलो."

विमल हिला आज सकाळी ८ पासून ठाण्याच्या व्हरांड्यात बसविले आहे. आता २.१५ झाले आहेत. तिला जेवणाचे कोणी विचारलेले नाही.

दोन्ही पोच हजर करतो. पहिलीत तिच्या नावापुढील 'पद' या रकान्यात 'कामगार' असे माझ्या अक्षरात आहे. अशी नोंद मी चार वर्षांत प्रथमच केली.

हा जबाब मला वाचून दाखविला. हवालदारांनी दोन ठिकाणी 'शिकाऊ मुलगी' असे लिहिले होते, ते खोडून 'कामगार' करविले व दोन्ही दुरुस्त्यांवर सही केली. आता मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही)
गिरिधर गजानन सावरगावकर
जालना, दि. १२ मार्च १९९८