चाकाखालचा ठोकळा

"फोटो कोणी काढला?" — अगदी अस्संच विचारलं होतं त्यानं, काका, आणि घरात कुणी खरं उत्तर दिलं नाही. शेवटपर्यंत दिलं नाही. — नाही हो, तुम्ही विचारलंत त्यात काही चुकलं नाही, काउंटरच्या काचेखाली फोटो ठेवला की माणूस विचारणारच. हा मीच काढलाय. माझा दादा. ओळखपत्रासाठी काढला होता म्हणून एवढा ताठ दिसतोय, नाहीतर तो... ते जाऊ द्या. तुमचं बोला. मुलीनं फोन घेऊन दिलाय, फोटो काढायचेत, ग्रुपवर टाकायचेत, आणि मुलगी म्हणते, बाबा, तुमच्या फोटोत सगळं धुकंच असतं — हेच ना? मग योग्य माणसाकडे आलात. मालक जेवायला गेलेत, पण हे काम मालकांना जमतही नाही. मी सातवी नापास, पण फोनमधलं काहीही विचारा. आणा इकडे.

हे बघा — धुकं कुठलं आलंय? कॅमेऱ्याच्या काचेवर तुमचा अंगठा आहे. चांगला तेलकट. काकूंच्या हातचं जेवून थेट फोटो काढलात की काय? हसू नका, निम्म्या लोकांचं दुखणं हेच असतं, आणि येतात मात्र फोन बिघडला म्हणून. मऊ सुती कापड घ्यायचं, जुन्या शर्टाचं चालेल — जुन्याच शर्टाचं, हां, नव्याचं नाही — आणि हलक्या हातानं पुसायचं. झालं. आता ही तुमची नात खिडकीत बसवलीत, तर ती काळी का दिसतेय? उजेड तिच्या पाठीशी आहे म्हणून. उजेड आपल्या पाठीशी हवा आणि तिच्या तोंडावर. पोरांचे फोटो उभ्यानं काढू नका, नुसता भांग दिसतो, खाली बसा. गुडघे दुखतात? मग तिला खुर्चीवर उभी करा. बोटांनी ओढून मोठं करू नका, दोन पावलं पुढं जा, पाय दिलेत देवानं. कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास धरायचा, आणि एक नाही, तीन काढायचे, त्यातला एक ठेवायचा. आणि काचेआडून काढू नका. गाडीची काच, दुकानाची काच, कुठलीच नाही. काचेत समोरचा कमी आणि काढणाराच जास्त दिसतो. माणसाला वाटतं आपण लपलोय, आणि... बरं, टाकायचं कसं ते बघू. हे लोकेशन बंद करतो, नाहीतर घर कुठं आहे ते जगाला कळतं. दाराचा नंबर दिसत असेल तर तो फोटो टाकायचा नाही. शाळेच्या कपड्यातली नात टाकायची नाही. आणि ज्याचा फोटो आहे त्याला आधी विचारायचं. विचारायचं म्हणजे विचारायचं. तो हसून नको म्हणाला तरी ते नकोच असतं.

आता हा कोण? हा हो, खुर्चीत झोपलेला. तुमच्या इमारतीचा रखवालदार? तोंड उघडं, टोपी नाकावर. — हा ग्रुपवर टाकायचाय? आणि खुर्ची, भिंत कापून नुसतं तोंड ठेवायचं. वर काय लिहायचंय म्हणालात? 'आमची कडेकोट सुरक्षा.' छान आहे. नाही, खरंच छान आहे, मला हसू आलं असतं. मीही अशाच ओळी लिहायचो, मित्र म्हणायचे, तुझ्या ओळीला तोड नाही. एक मिनिट थांबा, काका. कापतो की, कापायला काय लागतं, दोन बोटं लागतात. फक्त एक विचारतो — हा झोपला तेव्हा त्याची पाळी चालू होती की संपली होती? माहीत नाही. बघा, माहीत नाही. हे भिंतीवरचं घड्याळ बघा, दोन वाजून वीस. आणि खुर्चीखाली डबा आहे, झाकण उघडं. माणूस जेवून टेकलाय. तुम्ही कापणार ते नेमकं घड्याळ आणि डबा.

मी असं का बोलतोय? — काही नाही. बसा ना, ते स्टूल घ्या.

दादा गाडी चालवायचा. कारखान्याच्या कामगारांची बस, सकाळी नेऊन सोडायची, संध्याकाळी आणायची, मधे दुपारी एका गल्लीत झाडाखाली उभी. बारा वर्षं, एक ओरखडा नाही. वहिनी म्हणायची, ह्यांना बायकोपेक्षा बस प्यारी. त्याची एक सवय होती, सगळे त्याला हसायचे — गाडी उभी केली की चाकाखाली लाकडाचा ठोकळा. उतार असो नसो. परातीसारखी सपाट जागा असली तरी ठोकळा. ब्रेक ओढायचा, चावी काढून खिशात, खाली उतरून ठोकळा लावायचा, पायानं दाबून बघायचा, मगच डबा उघडायचा. मी म्हणायचो, दादा, पळून जाणार आहे का ती? तो म्हणायचा, "तू पळशील, ती नाही पळायची, तरी लावतो." डबा मी न्यायचो. मला काम नव्हतं, म्हणजे टिकत नव्हतं, कुणी चढ्या आवाजात बोललं की मी निघालोच. तेव्हा डबा नेणं हेच काम. त्या दिवशी डबा दिला, तो जेवला, मी पान खायला कोपऱ्यावर गेलो, आलो तर हा स्टिअरिंगवर हात टाकून, त्यावर गाल ठेवून, तोंड उघडं, लाळ सुद्धा. आणि मला हसू आवरेना. बाजूच्या काचेतून काढला. चांगला आला होता हो, पूर्ण फोटोत सगळं होतं — उघडं दार, डबा, खाली चाक, चाकाखाली ठोकळा. पण एवढं सगळं असलं की गंमत जाते. म्हणून कापला. नुसतं तोंड, हात आणि स्टिअरिंग ठेवलं. वर लिहिलं, 'प्रवाशांनो, आपापला जीव सांभाळा.'

मित्रांच्या ग्रुपवर टाकला, फक्त अकरा जण. अकरांना काय होतंय? — काका, अकरा म्हणजे अकरा नसतात. संध्याकाळी पुसायला गेलो, माझ्याकडचा पुसला गेला, बाकी गावभर झालेला. दुसऱ्या दिवशी कामगारांच्या बायकांकडे. तिसऱ्या दिवशी बसच्या मालकाकडे. लोक लिहीत होते, चालत्या गाडीत झोपतो, ह्याला आत टाका. मालक वाईट नव्हता. म्हणाला, "गाडी उभी होती हे दाखव मला कशावरून तरी, उद्या कामावर ये." दाखव म्हणजे काय दाखवणार तो? गल्लीत कोण होतं? झाड होतं.

मी होतो.

त्या रात्री जेवताना त्यानं विचारलं. ताटावर बसल्या बसल्या, आवाज न चढवता — "फोटो कोणी काढला?" आई नाही आम्हाला, तिघंच घरात. वहिनी म्हणाली, असेल कुणी मेला टवाळ, त्याचे हात झडोत. आणि मी — मी म्हणालो, आणखी भाजी वाढ. एवढंच आलं तोंडातून. जेवण झाल्यावर मी संडासात जाऊन मूळ फोटो पण डिलीट केला. भीती वाटली. म्हणजे दादाची नाही, दादानं कधी हात उचलला नाही माझ्यावर, त्याच्या तोंडाकडे बघण्याची भीती. तो फोटो दाखवला असता तर दुसऱ्या दिवशी तो बसवर असता. पण दाखवला असता तर कळलं असतं ना, कोणाच्या फोनमध्ये आहे. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. रोज संध्याकाळी वाटायचं, आता फोटोही नाही, आता सांगून काय उपयोग. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, मी मेल्यावर पण भीत होतो.

इथं कामाला लागलो तेव्हा मालकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं — डिलीट केलेला फोटो लगेच जात नाही, तीस दिवस फोनच्या कचऱ्यात पडून राहतो, दोन बोटांत परत येतो. मी म्हणालो, किती दिवस? ते म्हणाले, तीस. मी आत जाऊन मोजले. मी पुसला त्याच्या एकोणिसाव्या दिवशी दादा ट्रकवर गेला. दुसरं कुणी बस देईना, हा ट्रक मिळाला, डोंगरापलीकडे माल पोचवायचा. चोविसाव्या दिवशी ट्रक वळणावरून खाली गेला. त्या दिवशी फोटो माझ्या खिशात होता, काका. अजून सहा दिवस राहणार होता. दादाला खांदा देताना सुद्धा होता.

झोपला की ब्रेक गेला, कुणाला माहीत नाही. पण बातमीखाली लोकांनी फोटो कुठला टाकला असेल? तोच. माझ्या ओळीसकट. 'प्रवाशांनो, आपापला जीव सांभाळा.' त्याचं नाव टाकलं की अजून तोच येतो. वहिनी म्हणते, भाऊजी, तुम्हाला फोनमधलं कळतं, ह्यांचा एखादा चांगला फोटो वर घाला ना, त्या मेल्या टवाळाचा खाली जाईल. हा काचेखालचा घाला म्हणते. तिला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही उठून जाल म्हणून सांगतोय.

घ्या तुमचा फोन. कापला नाही मी. टाकायचा असेल तर तुमच्या बोटानं टाका, आणि आधी त्या रखवालदाराला उठवून दाखवा. पण एक करा, अख्खा फोटो पुसू नका. असू दे. उद्या त्याच्यावर कुणी आळ घेतला तर घड्याळ आहे त्यात, डबा आहे. — नाही, पैसे नकोत, शिकवायचे पैसे घेत नाही मी. जा तुम्ही, मालक येतील आता.

काय? — हो, तो काचेतला फोटो. मी म्हणालो ना, काढणारा दिसतो. मला सुद्धा मागच्या आठवड्यात दिसलं, वहिनीसाठी फोटो शोधताना. तो कापलेला मी कधी मोठा करून बघितलाच नव्हता, धीर नव्हता. दादाच्या गालाशेजारी काचेत एक पिवळा डाग आहे. लोकांना ऊन वाटलं असेल. ऊन नाही, शर्ट आहे. खिशाला लाल पट्टी. तो शर्ट दादानंच घेऊन दिलेला, तीन महिने झाले नव्हते. लोकांना नाही कळणार, पण घेणाऱ्याला? त्यानं ताटावर विचारलं तेव्हा माझ्या अंगात तोच होता.

ट्रकवर निघाला त्या सकाळी मला म्हणाला, ओळखपत्राला फोटो लागतोय, काढ, आणि डोळे उघडे येऊ देत हां. काढला. हसला पण नाही, मी पण नाही. मग आत गेला, दोरीवरचा माझा पिवळा शर्ट ओढला, म्हणाला, "काच पुसायला फडकं लागेल, हा नेतो. जुना झालाय." मी म्हणालो, दादा, नवा आहे तो. त्यानं ऐकलं नाही. वहिनी दारात उभी होती, तिच्यासमोर त्यानं तो शर्ट टरकन् फाडला, एका फडक्यानं ट्रकची काच बाहेरून पुसली, दुसऱ्यानं आतून, खिशाचा तुकडा तेवढा वेगळा काढला आणि तेलात बुडवून सीटखाली कोंबला. मग खाली वाकला, चाकाखालचा ठोकळा काढला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "तुझ्याकडे असला शर्ट कधी नव्हताच. कळलं?"